एक मेमरी, अनेक प्रोसेस: सी भाषेत त्यांचा मेळ कसा घालायचा

१४ ऑगस्ट २००३. दुपारी सव्वादोनच्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा गप्प झाली, आणि ती गप्प झाली आहे हे ऑपरेटरना तासाभरापेक्षा जास्त वेळ कळलंच नाही. तोवर एकामागून एक उच्चदाब वाहिन्या बंद पडत गेल्या. चार वाजून गेल्यावर ईशान्य अमेरिका आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. वाहिन्यांना टेकलेली झाडं धरून कारणं बरीच होती, पण अलार्म का वाजला नाही याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये सापडलं. जनरल इलेक्ट्रिकच्या एक्सए/२१ या प्रणालीत दोन प्रोसेसना (म्हणजे चालू असलेल्या दोन प्रोग्रामांना) एकाच डेटा स्ट्रक्चरमध्ये एकाच क्षणी लिहिण्याची वाट मोकळी राहिली होती. दोघींनी लिहिलं, स्ट्रक्चर बिघडलं आणि अलार्मची प्रोसेस न संपणाऱ्या लूपमध्ये अडकली. कंपनीच्या म्हणण्यानुसार हीच प्रणाली त्याआधी एकूण ३० लाख तासांहून जास्त चालली होती आणि हा दोष एकदाही वर आला नव्हता.

शेअर्ड मेमरीतले, म्हणजे अनेक प्रोसेस मिळून वापरतात त्या मेमरीतले, दोष असेच असतात. चाचणीत प्रोग्राम नीट चालला याचा अर्थ तो बरोबर आहे असा होत नाही. तो बरोबर का आहे हे त्याच्या रचनेकडे बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. मेमरी शेअर करणं हे चार ओळींचं काम आहे. कस लागतो तो दोन प्रश्नांवर. पहिला: कोणती गोष्ट अर्धवट अवस्थेत दुसऱ्या प्रोसेसला दिसता कामा नये? दुसरा: लॉक, म्हणजे 'माझं होईपर्यंत दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही' ही खूण, हातात असतानाच एखादी प्रोसेस मेली तर पुढे काय? थ्रेडच्या, म्हणजे एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्यांच्या, जगात दुसरा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण एक थ्रेड कोसळला की बहुतेक वेळा अख्खा प्रोग्रामच जातो. प्रोसेस मात्र एकेकट्या मरतात आणि मागे राहिलेल्यांना तो पसारा तसाच वापरावा लागतो. बहुतेक शिकवण्या पहिल्या प्रश्नापाशी थांबतात. मी या लेखात दुसऱ्याला जास्त जागा देणार आहे.

पुढचं सगळं लिनक्स, जीसीसी हा कंपायलर आणि सी भाषेची सी११ ही आवृत्ती धरून आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. अंडरस्कोर जिथे असतो तिथे तसाच ठेवला आहे, म्हणजे मॅन पेज शोधायला अडचण येणार नाही. 'ई_' ने सुरू होणाऱ्या चुकांच्या नावांत मात्र तो फक्त वाचायच्या सोयीसाठी आहे, खऱ्या नावात नसतो.

## मेमरी खरोखर शेअर होतेय का, हे आधी बघा

फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून नवी प्रोसेस सुरू करणं; जुनी ती आई, नवी ती मूल. फोर्क केल्यावर मुलाला आईची सगळी मेमरी दिसते, म्हणून ग्लोबल व्हेरिएबल दोघींचं सामायिक आहे असं नवख्यांना वाटतं. तसं नसतं. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीची पानं सुरुवातीला एकच ठेवतो, पण कुणी एकीने त्यावर लिहिलं की त्या पानाची वेगळी प्रत करून देतो. मुलाने काउंटर वाढवला तरी आईकडचा शून्यच राहतो.

खरी सामायिक मेमरी हवी तर फोर्कच्या आधी एमएमॅप बोलवा. पत्ता नल द्या, म्हणजे जागा कर्नल निवडेल. लांबी म्हणून तुमच्या स्ट्रक्टचा साइझऑफ द्या. परवानगी प्रॉट_रीड आणि प्रॉट_राइट, फ्लॅग मॅप_शेअर्ड आणि मॅप_अनॉनिमस, फाइल डिस्क्रिप्टर उणे १, ऑफसेट शून्य. कॉल फसला तर तो नल देत नाही, मॅप_फेल्ड देतो, आणि त्याची किंमत उणे १ असते. नलशी तुलना करून समाधान मानणारा कोड पुढे कुठेतरी सेगमेंटेशन फॉल्ट देतो आणि शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

एकमेकींशी नातं नसलेल्या दोन प्रोग्रामांना मेमरी वाटून घ्यायची असेल तर तिला नाव लागतं. एसएचएम_ओपनला तिरप्या रेघेने सुरू होणारं नाव द्या, एफट्रंकेटने आकार ठरवा आणि मग तो डिस्क्रिप्टर एमएमॅपला द्या. लिनक्सवर हा तुकडा डेव्ह/एसएचएम या फोल्डरात फाइलसारखा दिसतो. ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३४ च्या आधीच्या आवृत्त्यांवर लिंक करताना आरटी लायब्ररी वेगळी जोडावी लागते.

या वाटेवर पहिली रेस (कोण आधी पोचतं यावर निकाल ठरण्याचा दोष) लॉक तयार होण्याआधीच येते: सुरुवातीची मांडणी करायची कुणी? दोन्ही प्रोग्राम एकदम सुरू झाले तर दोघेही म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) तयार करू लागतील आणि एकाने घेतलेलं लॉक दुसरा पुसून टाकेल. म्हणून एसएचएम_ओपनला ओ_क्रिएटबरोबर ओ_एक्स्क्ल द्या. ज्याचा कॉल यशस्वी होतो तो मालक. तोच आकार ठरवतो आणि सगळं मांडून झाल्यावर स्ट्रक्टमधल्या 'तयार' या, एका झटक्यात लिहिल्या जाणाऱ्या म्हणजे अ‍ॅटॉमिक खुणेत १ लिहितो. ज्याला ई_एक्झिस्ट मिळतं त्याने साधं उघडायचं, एफस्टॅटने आकार शून्य नाही ना हे बघायचं आणि ती खूण १ होईपर्यंत थांबायचं. आकार ठरण्याआधी मॅप करून वाचायला गेलात तर सिगबस (प्रोसेस मारणारा सिग्नल) मिळतो. नवीन तुकडा शून्यांनी भरलेला येतो, त्यामुळे खूण आधीपासून शून्य आहे हे गृहीत धरायला हरकत नाही.

अजून एक पथ्य. शेअर्ड मेमरीत पॉइंटर साठवू नका. वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये तोच तुकडा वेगवेगळ्या पत्त्यांवर बसू शकतो. लिंक्ड लिस्ट हवीच असेल तर तुकड्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर साठवा, नाहीतर सरळ अ‍ॅरेचा इंडेक्स वापरा.

## रेस डोळ्यांनी पाहून घ्या

लॉक शिकण्याआधी लॉक नसताना काय होतं ते स्वतःच्या मशीनवर पाहा. सामायिक स्ट्रक्टमध्ये एक पूर्णांक काउंटर ठेवा. दोन मुलं फोर्क करा, प्रत्येकाने लूपमध्ये तो १० लाख वेळा एकाने वाढवायचा. आईने वेटपिडने दोघांची वाट पाहायची आणि उत्तर छापायचं. अपेक्षा २० लाखांची. एकापेक्षा जास्त कोअर असलेल्या मशीनवर येतं त्याहून कमी, आणि दर वेळी वेगळं.

कारण एकाने वाढवणं ही एक कृती नाही. मेमरीतून वाचा, रजिस्टरमध्ये एक मिळवा, परत लिहा, अशा तीन कृती आहेत. दोघींनी ४१ वाचला तर दोघी ४२ लिहितात आणि एक वाढ हरवते. तत्त्वतः किमान उत्तर किती येऊ शकतं? दोन. पहिली शून्य वाचून खोळंबते. दुसरी आपल्या एक सोडून सगळ्या वाढी उरकते. पहिली आता १ लिहिते. दुसरी शेवटच्या वाढीसाठी तो १ वाचून थांबते, पहिली आपलं उरलेलं सगळं संपवते, आणि शेवटी दुसरी २ लिहून मोकळी होते. कागदावर हा क्रम एकदा मांडून पाहा. समांतर प्रोग्रामकडे कसं बघायचं ते त्यातून हाताला बसतं.

हा प्रयोग ऑप्टिमायझेशन बंद ठेवून करा. ओ२ लावलं तर कंपायलर अख्खा लूप गुंडाळून 'एकदाच १० लाख मिळवा' असं करू शकतो, आणि मग उत्तर बहुतेक वेळा बरोबर २० लाख येतं. दोष तिथेच असतो, फक्त खिडकी अरुंद झालेली असते. उलट ती रुंद करायची असेल तर वाचणं आणि लिहिणं वेगळ्या ओळींत करून मध्ये शेड_यील्ड (प्रोसेसर दुसऱ्या कुणाला तरी देणारा कॉल) बोलवा. मग एका कोअरवरही रेस सहज दिसते.

इथे कुणीतरी व्होलटाइल लावायला सुचवतं. ते ऐकू नका. व्होलटाइल कंपायलरला दर वेळी मेमरीत जायला लावतं, एवढंच. तीन कृती तीनच राहतात आणि प्रोसेसरच्या क्रमाबद्दल ते काहीही हमी देत नाही.

## एकच आकडा असेल तर अ‍ॅटॉमिक

सामायिक गोष्ट खरोखरच एक आकडा असेल, म्हणजे किती विनंत्या आल्या किंवा किती चुका झाल्या, तर लॉकची गरज नाही. सी११ च्या एसटीडीअ‍ॅटॉमिक हेडरमधला अ‍ॅटॉमिक पूर्णांक घ्या आणि अ‍ॅटॉमिक_फेच_अ‍ॅडने वाढवा. आता २० लाख म्हणजे २० लाखच.

अट एक: तो प्रकार लॉक-फ्री असला पाहिजे. मोठ्या स्ट्रक्टवर अ‍ॅटॉमिक लावलं तर लायब्ररी आतून लॉकचा तक्ता वापरते, आणि तो तक्ता प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. थ्रेडमध्ये चालणारा कोड प्रोसेसमध्ये गुपचूप चुकतो तो असा. अ‍ॅटॉमिक_इज_लॉक_फ्रीने खात्री करून घ्या. नेहमीच्या ६४-बिट मशीनवर इंट आणि लाँग यांना अडचण नसते.

'तयार' सारख्या खुणांबाबत क्रमाचाही विचार लागतो. आधी डेटा आणि नंतर खूण लिहिली, तरी दुसऱ्या कोअरला खूण आधी दिसू शकते. लिहिताना रिलीज आणि वाचताना अ‍ॅक्वायर हा क्रम द्या. किंवा काहीच देऊ नका, कारण सी११ मध्ये न सांगितल्यास सर्वांत कडक क्रम लागू होतो. एक्स८६ प्रोसेसर स्वभावतः शिस्तीचे असल्याने ही चूक तिथे बरेचदा झाकली जाते आणि तोच कोड रास्पबेरी पाय किंवा इतर आर्म मशीनवर नेला की उघडी पडते.

## सेमाफोर: सोपा, पण बेवारस

सेमाफोरची कल्पना डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांची, १९६० च्या दशकातली. एक आकडा, वेट केलं की एकने उतरतो, शून्य असेल तर थांबवून ठेवतो, पोस्ट केलं की एकने चढतो आणि थांबलेल्यांपैकी कुणाला तरी उठवतो.

सामायिक स्ट्रक्टमध्ये सेम_टी प्रकारचा सदस्य ठेवा. फोर्कच्या आधी आईने सेम_इनिट बोलवायचं: दुसरा आर्ग्युमेंट १ आणि तिसरा सुरुवातीची किंमत. दुसरा आर्ग्युमेंट शून्य दिला तर सेमाफोर एकाच प्रोसेसमधल्या थ्रेडपुरता असतो आणि कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. सेम_वेट सिग्नल आल्यास ई_इंटर देऊन मधूनच परत येऊ शकतो. परत येणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे. परत आलेली किंमत तपासून लूपमध्ये पुन्हा बोलवा. मॅकवर सेम_इनिट चालतच नाही, तिथे नावाचा सेमाफोर सेम_ओपनने घ्यावा लागतो.

सेमाफोरला मालक नसतो. कुणी वेट केलं आणि कुणी पोस्ट केलं याची नोंद कुठेच नाही. 'तीन प्रिंटर आहेत, एका वेळी तिघीच आत' अशा मोजणीच्या कामाला आणि एका प्रोसेसने दुसरीला 'झालं' असं कळवायला हे फार सोयीचं आहे. सेम_पोस्ट सिग्नल हँडलरमधूनही बोलावता येतं, म्यूटेक्सबाबत ती मुभा नाही. पण लॉक म्हणून वापरलात आणि आत शिरलेली प्रोसेस मेली, तर ते एक चिन्ह कायमचं गेलं. बाकीच्या सगळ्या सेम_वेटवर उभ्या राहतात आणि त्यांना उठवणारं कुणी उरत नाही. म्हणून डेटाच्या रक्षणासाठी मी सेमाफोर वापरत नाही.

जुन्या सिस्टिम व्ही पद्धतीच्या सेमाफोरमध्ये सेम_अनडू हा फ्लॅग आहे. प्रोसेस मेली की कर्नल तिने केलेले बदल उलटवतो. सोय चांगली आहे, पण बाकीचा इंटरफेस अवघड. जुना कोड सांभाळायचा असेल तेव्हाच तिकडे जा.

## म्यूटेक्स: प्रोसेससाठी तयार करायचा तर

पीथ्रेड म्यूटेक्स थ्रेडपुरता आहे असा समज आहे, पण दोन गुणधर्म लावले की तो प्रोसेसमध्ये उत्तम चालतो. क्रम असा:

पीथ्रेड_म्यूटेक्सअ‍ॅटर_इनिटने गुणधर्माची वस्तू तयार करा. पीथ्रेड_म्यूटेक्सअ‍ॅटर_सेटपीशेअर्डने तिला पीथ्रेड_प्रोसेस_शेअर्ड ही किंमत द्या. पीथ्रेड_म्यूटेक्सअ‍ॅटर_सेटरोबस्टने पीथ्रेड_म्यूटेक्स_रोबस्ट लावा. मग शेअर्ड मेमरीतल्या म्यूटेक्सवर पीथ्रेड_म्यूटेक्स_इनिट बोलवा, आणि हे सगळं झाल्यावरच फोर्क करा. ही फंक्शनं एररनो भरत नाहीत, चुकीचा क्रमांक थेट परत करतात, तोच तपासा.

म्यूटेक्स स्वतः शेअर्ड मेमरीत असलाच पाहिजे. ग्लोबल म्यूटेक्स ठेवून फोर्क केलं तर प्रत्येक प्रोसेस स्वतःच्या प्रतीवर लॉक घेते, प्रत्येकीला ते लगेच मिळतं आणि सगळं छान वेगाने चालल्यासारखं वाटतं. कोड तपासताना मी पहिली नजर इथेच टाकतो.

लिनक्सवर हा म्यूटेक्स फ्यूटेक्सवर उभा आहे: लॉक मोकळं असेल तर घेणं आणि सोडणं हे शेअर्ड मेमरीतल्या एका अ‍ॅटॉमिक कृतीत उरकतं, कर्नलपर्यंत जावं लागत नाही. रांग लागली तरच सिस्टिम कॉल होतो. त्यामुळे 'लॉक महाग असतं' म्हणून ते टाळण्यात बहुतेक प्रोग्रामांना काही मिळत नाही.

## एक पूर्ण उदाहरण: रीडिंगची रांग

चार प्रोसेस चार सीरियल पोर्टवरून तापमानाची रीडिंग घेतात आणि पाचवी ती फाइलमध्ये लिहिते. मध्ये १०२४ खणांची गोल रांग आहे. स्ट्रक्टमध्ये एक म्यूटेक्स, 'जागा' आणि 'माल' नावाची दोन कंडिशन व्हेरिएबल (अट पुरी झाल्याचा सिग्नल येईपर्यंत प्रोसेसला झोपवून ठेवणारी), 'लिहिले' आणि 'वाचले' असे दोन ६४-बिट अ‍ॅटॉमिक आकडे, आणि खणांचा अ‍ॅरे. कंडिशन व्हेरिएबलनाही पीथ्रेड_कंडअ‍ॅटर_सेटपीशेअर्ड लावायला विसरू नका.

टाकणाऱ्या प्रोसेसचा आराखडा:

लॉक घ्या
जोवर (लिहिले − वाचले == १०२४) तोवर 'जागा' वर थांबा
खण[लिहिले % १०२४] = नवं रीडिंग
लिहिले = लिहिले + १
'माल' ला सिग्नल द्या
लॉक सोडा

घेणारीचा आराखडा:

लॉक घ्या
जोवर (लिहिले == वाचले) तोवर 'माल' वर थांबा
रीडिंग = खण[वाचले % १०२४]
वाचले = वाचले + १
'जागा' ला सिग्नल द्या
लॉक सोडा
रीडिंग फाइलमध्ये लिहा

'थांबा' म्हणजे पीथ्रेड_कंड_वेट. तो झोपताना लॉक सोडतो आणि उठल्यावर परत घेतो. सोडणं आणि झोपणं यांच्यामध्ये फट नसते, नाहीतर नेमक्या त्या फटीत आलेला सिग्नल हरवला असता. 'जोवर' च्या जागी 'जर' लिहू नका: उठणं कधीकधी विनाकारणही होतं, आणि सिग्नल मिळून तुम्ही उठेपर्यंत दुसरीने ती जागा पटकावलेली असू शकते. अट पुन्हा तपासूनच पुढे जा.

फाइलमध्ये लिहिणं लॉक सोडल्यावर आहे, याकडे लक्ष द्या. डिस्क, नेटवर्क, छपाई यांपैकी काहीही लॉक धरून करू नका. लॉकच्या आतला कोड एका दृष्टिक्षेपात वाचून होईल इतका छोटा ठेवा.

हेच काम तीन सेमाफोरनेही करतात: रिकामे खण, भरलेले खण आणि दार. तिथे टाकणारीने आधी 'रिकामे' वर वेट करायचं, नंतर 'दार' वर. क्रम उलटा केला तर रांग भरल्यावर टाकणारी दार अडवून रिकाम्या खणाची वाट बघते, आणि खण रिकामा करणारी दाराबाहेर उभी. दोघी कायमच्या.

## लॉक धरून मेली तर

आता दुसरा प्रश्न. मेमरी संपत आली की कर्नल स्वतःहून प्रोसेस मारतो, ऑपरेटर किल उणे ९ देतो, कुठेतरी शून्याने भागाकार होतो. सिगकिल, म्हणजे किल उणे ९ ने जाणारा सिग्नल, पकडता येत नाही, त्यामुळे 'बाहेर पडताना लॉक सोडू' ही योजना इथे चालत नाही.

रोबस्ट म्यूटेक्सचा धारक मेला की पुढच्या लॉक मागणाऱ्याला ई_ओनरडेड मिळतो. शून्य नसला तरी हा 'मिळालं नाही' असा निरोप नाही. लॉक तुमच्या हातात आलेलं आहे, फक्त आधीचा धारक काम अर्धवट टाकून गेला असू शकतो. आता डेटा तपासायचा, नीट करायचा, पीथ्रेड_म्यूटेक्स_कन्सिस्टंट बोलवायचं आणि पुढे जायचं. कन्सिस्टंट न बोलावता सोडलंत तर म्यूटेक्स कायमचा निकामी होतो आणि पुढच्या प्रत्येकाला ई_नॉटरिकव्हरेबल मिळतो. लॉक परत घेताना पीथ्रेड_कंड_वेटही ई_ओनरडेड देऊ शकतो, आणि त्याची परत आलेली किंमत बहुतेक जण पाहतच नाहीत.

'नीट करायचा' हे लिहायला सोपं. रांगेचं डोकं, शेपूट आणि संख्या असे तीन आकडे ठेवले असते, तर दोन बदलून तिसरा राहिला असताना प्रोसेस मेल्यावर कोणता खरा मानायचा? वरच्या आराखड्यात हा प्रश्नच येऊ नये अशी मांडणी आहे. आधी खण भरला जातो, आणि 'लिहिले' वाढवणं ही एकच कृती ते रीडिंग पक्कं करते. त्याआधी मरण आलं तर खणात अर्धवट मजकूर असेल, पण तो कुणाच्या हिशेबात नाही. पुढची प्रोसेस त्यावरच लिहील. नंतर मरण आलं तर रीडिंग पूर्ण आहे. दुरुस्ती उरतच नाही, फक्त कन्सिस्टंट बोलवायचं. तुमचा डेटा कोणताही असो, बदल अशा एका शेवटच्या लेखनात पक्का होईल असा मांडता येतो का, हे पाहण्यात घालवलेला वेळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

इथे एक बारीक खोच आहे. लॉकच्या आत असलो तरी खण भरणं आणि 'लिहिले' वाढवणं यांचा क्रम कंपायलर बदलू शकतो, कारण सामान्य व्हेरिएबलबाबत त्याला तो अधिकार आहे. म्हणून 'लिहिले' अ‍ॅटॉमिक ठेवा आणि त्यात रिलीज क्रमाने लिहा.

एक भोक अजून राहतं. टाकणारी प्रोसेस 'लिहिले' वाढवून, सिग्नल देण्याआधी मेली आणि घेणारी 'माल' वर झोपलेली असेल, तर तिला उठवणारं कुणी नाही. दुसऱ्या कुणी लॉक मागितलं नाही तर ई_ओनरडेड कुणाला मिळणारही नाही. दोन उपाय एकत्र वापरा. वेटपिडवर बसलेल्या आईने, मूल असामान्यपणे मेलं असं दिसताच, स्वतः लॉक घ्यावं, ई_ओनरडेड आला तर तो निस्तरावा आणि दोन्ही कंडिशन व्हेरिएबलवर ब्रॉडकास्ट द्यावा. शिवाय घेणारीने पीथ्रेड_कंड_टाइम्डवेट वापरून ठरावीक वेळाने उठून अट तपासावी. कंडिशन व्हेरिएबलला रोबस्ट असा प्रकार नाही. त्याच्या आतल्या हिशेबात गुंतलेली असताना प्रोसेस मारली गेली तर तो शाबूत राहील याची हमी कुणी देत नाही. हे चालणार नसेल इतकं काम महत्त्वाचं असेल, तर सगळा तुकडाच नव्याने मांडायची तयारी ठेवा.

पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस नेमकं हेच करतो. त्याचं प्रत्येक कनेक्शन ही फोर्क केलेली वेगळी प्रोसेस, आणि सगळ्या मिळून एक मोठी शेअर्ड मेमरी वापरतात. एखादी बॅकएंड प्रोसेस कोसळली की मुख्य प्रोसेस बाकीच्या सगळ्यांना थांबवते, शेअर्ड मेमरी टाकून देऊन नव्याने मांडते आणि लॉगमधून डेटा सावरते. एका प्रोसेसच्या मरणापायी सगळी कनेक्शनं तुटतात हे कठोर वाटेल, पण बिघडलेल्या मेमरीवर विश्वास ठेवून चुकीचा डेटा डिस्कवर लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तुमच्याकडेही डिस्कवर खरी प्रत असेल तर हाच मार्ग धरा.

वेग फारसा लागत नसेल तर फाइल लॉक विसरू नका. प्रोसेस मेली की कर्नल ते आपोआप सोडतो. फ्लॉक वापरताना मात्र प्रत्येक प्रोसेसने फाइल स्वतः उघडायची. फोर्कआधी उघडलेला डिस्क्रिप्टर आई आणि मूल दोघांकडे असेल, तर लॉकही दोघांचं एकच असतं आणि कुणीच कुणाला अडवत नाही.

## दोन लॉक झाले की

एकाहून जास्त लॉक लागत असतील तर त्यांचा क्रम ठरवा आणि तो हेडर फाइलमध्ये कॉमेंट म्हणून लिहून ठेवा. एक प्रोसेस आधी अ मग ब घेते आणि दुसरी आधी ब मग अ, एवढ्यावर डेडलॉक होतो, म्हणजे दोघी एकमेकींची कायम वाट बघत राहतात. एकाच प्रकारच्या वस्तूंची लॉक असतील, जसं दोन खात्यांमधली रक्कम हलवणं, तर लहान इंडेक्सचं लॉक आधी.

प्राधान्यक्रम वेगवेगळे असतील तर आणखी एक सापळा आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान काही दिवसांनी आपणहून रीसेट होऊ लागलं. हवामानाची नोंद घेणारं कमी प्राधान्याचं काम एका सामायिक साधनाचं लॉक धरून होतं, मधल्या प्राधान्याची कामं त्याला प्रोसेसरवर येऊ देत नव्हती, आणि उच्च प्राधान्याचं काम त्या लॉकसाठी खोळंबलं होतं. ते वेळेत झालं नाही की यान रीसेट होत होतं. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून म्यूटेक्सचा प्राधान्य-वारसा सुरू केला गेला आणि रीसेट थांबले. आपल्याकडे त्यासाठी पीथ्रेड_म्यूटेक्सअ‍ॅटर_सेटप्रोटोकॉल आहे, किंमत पीथ्रेड_प्रायो_इनहेरिट. साध्या सर्व्हरवर याची गरज नाही; रिअल-टाइम शेड्युलिंग वापरत असाल तर मात्र लावाच.

वेगाबद्दल एकच सांगतो. प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा काउंटर दिला आणि ते सगळे शेजारी शेजारी ठेवले, तर ते एकाच कॅश लाइनमध्ये (प्रोसेसर एका वेळी उचलतो त्या मेमरीच्या तुकड्यात) बसतात आणि ती लाइन कोअरांमध्ये सतत ओढली जाते. बहुतेक मशीनवर लाइन ६४ बाइटची असते. प्रत्येक काउंटर ६४ च्या सीमेवर अलाइन करा.

## तपासणी आणि साफसफाई

थ्रेडसॅनिटायझर आणि हेलग्राइंड ही रेस शोधणारी साधनं एका प्रोसेसच्या आतच पाहतात. दोन प्रोसेसमधली रेस त्यांना दिसत नाही. म्हणून रांगेचा कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि चाचणीपुरता फोर्कऐवजी थ्रेडवर चालवून ही साधनं लावा. तर्कातल्या बहुतेक चुका तिथे सापडतात. जीडीबी या डीबगरमध्ये फॉलो-फोर्क-मोड चाइल्डवर ठेवा, डिटॅच-ऑन-फोर्क बंद करा, म्हणजे दोन्ही प्रोसेस हाताखाली राहतील. अडकलेली प्रोसेस कुठे थांबली आहे हे एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून पाहा. फ्यूटेक्स कॉलवर उभी दिसली तर बहुधा लॉक, सेमाफोर किंवा कंडिशन.

मरणाची चाचणी वेगळी करा. प्रत्येक रीडिंगला पोर्टचा क्रमांक आणि त्या पोर्टवरचा वाढता अनुक्रमांक द्या. आईने मधूनमधून, अनियमित अंतराने, एका टाकणाऱ्या मुलाला सिगकिल द्यायचा आणि त्याच्या जागी नवा फोर्क करायचा. नव्याने पुढच्या क्रमांकापासून सुरुवात करता यावी म्हणून शेवटचा क्रमांक कुठून मिळणार हे आधी ठरवावं लागेल, आणि तो शोध तुमच्या रचनेतलं पुढचं भोक दाखवेल: 'लिहिले' वाढलं पण पोर्टचा क्रमांक वाढायचा राहिला तर? तोही रांगेतल्या नोंदीतूनच काढता आला पाहिजे. ही चाचणी रात्रभर चालू ठेवा. सकाळी फाइलमध्ये प्रत्येक पोर्टचे क्रमांक सलग आणि एकेकदाच असले पाहिजेत.

साफसफाईत आईने सगळ्या मुलांसाठी वेटपिड केल्यावरच म्यूटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल नष्ट करायची, मग म्युनमॅप, आणि नावाची मेमरी असेल तर एसएचएम_अनलिंक. अनलिंक विसरलात तर तुकडा रीबूटपर्यंत डेव्ह/एसएचएममध्ये राहतो आणि पुढच्या वेळी प्रोग्रामला ई_एक्झिस्ट देऊन जुन्या, अर्धवट डेटावर बसवतो. सगळ्या सहभागी प्रोसेस जोडल्या गेल्या की लगेच अनलिंक करता येतं. नाव जातं, पण मॅप केलेली मेमरी शेवटची प्रोसेस संपेपर्यंत टिकते, आणि मध्येच सगळ्या मारल्या गेल्या तरी मागे काही उरत नाही. सिस्टिम व्ही वापरणारा जुना कोड असेल तर आयपीसीएसने उरलेले तुकडे पाहा आणि आयपीसीआरएमने काढून टाका.